खेळ कुणाचा, मिळकत कुणाची?



अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल हा मोठा व्यवसाय आहे. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर राज्यपाल नसतो. फुटबॉलचा प्रशिक्षक असतो! खेळाडूच्या पदरी मात्र वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीच पडली. कारण तो ‘विद्यार्थी-खेळाडू’.

हे बिरुद दिसते तितके निरागस नाही. १९५५ साली कोलोरॅडोत एक महाविद्यालयीन खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराप्रमाणे भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा निर्वाळा दिला. खेळाडू कामगार ठरू नयेत म्हणूनच हा शब्द घडवला, असे नियामक संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे लिहिले.

यातले अर्थशास्त्र सोपे आहे. सगळ्या व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव बांधला, तर शेतकऱ्याला दुसरा बाजार उरत नाही. विद्यापीठांनी हेच केले. वाचलेला पैसा प्रशिक्षकांच्या पगारात आणि प्रेक्षागारांच्या बांधकामात गेला.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवरील बंधने एकमताने बेकायदा ठरवली. २०२५ च्या तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. पण खेळाडू नोकर की नाही, हा त्या विधवेचा प्रश्न तिने सोडवला नाही. धंद्याचा नफा ज्याने घ्यावा, त्यानेच धंद्याची जोखीमही उचलावी, एवढेच तिचे मागणे होते.