ओढा आणि भिंत

म्योडलारॉइट हे जर्मनीतलं गाव नकाशावर शोधायला भिंगच हवं. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, अगदी उडी मारून ओलांडता येईल एवढासा. एका काठाला बव्हेरिया, दुसऱ्याला थुरिंगिया. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रेघ दोन जर्मनींमधली सीमा झाली. १९५२ साली ओढ्याकाठी लाकडी कुंपण आलं आणि १९६६ साली सुमारे सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणू लागले.

कुणी म्हणेल, फाळणी तर भूगोलातच होती. ओढा १८१० पासून दोन राज्यांची हद्द होताच. खरं आहे, त्या काळचे हद्दीचे दगडही आहेत. पण त्या हद्दीनं कुणाची वाट अडवली नाही. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला, तर चर्चसाठी सगळं गाव बव्हेरियातल्या ट्योपेनला जाई. म्हणजे गाव तोडलं ते ओढ्यानं नव्हे, पहाऱ्यानं. याचा उलटा पुरावाही आहे. डिसेंबर १९८९ मध्ये भिंतीतून वाट खुली झाली, पुढच्या वर्षी जर्मनी एक झाली, तरी हद्द काही पुसली गेली नाही. भिंतीचा एक तुकडा संग्रहालयासाठी राखला आहे. गाव आजही दोन राज्यांत आहे, दोन महापौरांच्या कारभाराखाली. नमस्कारही दोन: बव्हेरियाकडे ‘ग्रूस गॉट’, पलीकडे ‘गूटन टाग’.