पियानोची हिवाळ्यातली तहान आणि आपल्या पेटीचा पावसाळा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची समजूत होती की बँकेतून रिटायर झालेला माणूस मुदत ठेवी नाहीतर नॉमिनेशन यावर बोलणार. त्यावर मी गेली पंचवीस वर्षं दर जनरल बॉडीत बोलतोच आहे. आज जरा वेगळा विषय घेतो: हवेतला ओलावा आणि आपली वाद्यं. यात सोसायटीने निर्णय घ्यावा अशी एक बाबही आहे, ती शेवटी सांगतो.

सुरुवात कॅनडातून करावी लागेल. आपल्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांतली मुलं आता परदेशात आहेत. माझा मुलगा एडमंटनला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने नातीसाठी जुना, उभा पियानो घेतला. ऑक्टोबरात चांगला वाजत होता. जानेवारीत नातीने व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवला तर सूर उतरलेले, आणि एक-दोन पट्ट्या खुळखुळताहेत. ट्यूनिंगवाला आला. त्याने वाद्याला हात लावण्याआधी खिशातून छोटा हायग्रोमीटर काढला आणि खोलीत ठेवला. आकडा आला 18 टक्के. तो म्हणाला, "आधी हवा दुरुस्त करा, मग मला बोलवा." मुलाने मला विचारलं, "बाबा, ह्युमिडिफायर कुठला घेऊ?" मला पियानोतलं काही कळत नाही, पण हिशेब कळतो. मग बसलो कागद-पेन्सिल घेऊन.

हवेतल्या ओलाव्याचं खातं असं असतं. एक घनमीटर हवा जास्तीत जास्त किती बाष्प धरू शकते, ते तापमानावर ठरतं. शून्य अंशाला साधारण 5 ग्रॅम, 20 अंशाला 17 ग्रॅम, 30 अंशाला 30 ग्रॅम. आपण ज्याला आर्द्रता म्हणतो ती टक्केवारी म्हणजे या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली आहे, ते. आता कॅनडातली शून्य अंशाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घरात आली आणि हीटरने ती 20 अंशांवर नेली. बाष्प तेवढंच, 5 ग्रॅम. मर्यादा मात्र 17 झाली. म्हणजे टक्केवारी आली तीसच्या खाली. बाहेर उणे 10 असेल तर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम असतात, म्हणजे घरात 13-14 टक्के. स्वयंपाक, अंघोळी आणि श्वास यांची थोडी भर पडते एवढंच. बाहेर बर्फ पडलेला दिसतो म्हणून घर ओलं असेल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते मे महिन्यातल्या विदर्भासारखं कोरडं असतं.

पियानोला याचा त्रास का होतो? त्याच्या पोटात स्प्रूस लाकडाची मोठी फळी असते, जाडी जेमतेम 8-10 मिलिमीटर. ती किंचित फुगीर बसवलेली असते आणि तारांचा आवाज तीच मोठा करते. तारा सुमारे 230, आणि सगळ्यांचा मिळून ताण 18 टनांच्या घरात. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत ओलाव्याबरोबर फुगतं आणि सुकतं. हिवाळ्यात फळी आकसली की तिचा फुगवटा बसतो, तारा सैल पडतात, सूर उतरतात. उन्हाळ्यात उलटं. अशी ये-जा वर्षानुवर्षं झाली की फळीला भेग जाते आणि तारांच्या खुंट्या लाकडात पकड सोडतात. भेग आणि सैल खुंटी, दोन्हीची दुरुस्ती फार महाग.

म्हणून जाणकार सांगतात की पियानोच्या खोलीत 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये ओलावा ठेवा, आणि मुख्य म्हणजे तो स्थिर ठेवा. 38 वर स्थिर असलेला आकडा चालेल, पण आज 25 आणि उद्या 55 हे वाईट.

आता यंत्राची निवड. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एक, ओल्या वातीतून किंवा जाळीतून पंख्याने हवा सोडणारं. दोन, अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं उडवणारं. तीन, पाणी उकळून वाफ सोडणारं. अल्ट्रासॉनिक दिसायला छान आणि आवाज नाही, पण नळाचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे सगळ्या सामानावर बसतात, पियानोच्या आतसुद्धा. वाफेचं यंत्र वीज जास्त खातं आणि लहान मुलांच्या घरात गरम पाण्याची भीती. वातीचं यंत्र क्षार मागे वातीतच ठेवतं, आणि हवा ओली झाली की त्याचं बाष्पीभवन आपोआप मंदावतं. पियानोसाठी मला तेच पटलं. वात मात्र सीझनमध्ये बदलावी लागते, पाणी रोज ताजं भरावं लागतं आणि टाकी आठवड्याला घासावी लागते, नाहीतर घरभर जंतू.

यंत्र केवढं घ्यायचं? 12 बाय 15 ची, 9 फूट उंच खोली म्हणजे सुमारे 46 घनमीटर. ओलावा 20 टक्क्यांवरून 42 वर न्यायला एका वेळेला लागतं फक्त पेलाभर पाणी, 175 ग्रॅम. पण घर म्हणजे बंद डबा नव्हे. फटींतून, दारांतून हवा बदलत राहते. दर दोन तासांनी पूर्ण बदलते असं धरलं तर दिवसाला दोन लिटर. दार उघडं राहिलं तर ओलावा अख्ख्या घरात जातो, मग आकडा कितीतरी पट. म्हणून टेबलावरची अर्धा लिटरची खेळणी घेऊ नका, मोठ्या टाकीचं घ्या आणि त्या खोलीचं दार लावून घ्या. यंत्राचा झोत पियानोवर नको, चार-पाच फूट लांब हवा. पियानो बाहेरच्या भिंतीला, उन्हात किंवा गरम हवेच्या जाळीजवळ नको. आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तेव्हा हट्टाने 45 टक्के ठेवू नका. काचांवर पाणी साचतं, चौकटीला बुरशी धरते. तेव्हा 35 वर समाधान मानावं.

हायग्रोमीटर खरा की खोटा हे तपासायची युक्ती स्वयंपाकघरात आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर होईल एवढेच थेंब पाणी घाला, आणि ते हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. काटा 70 दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाच कमी सांगतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मुलाने यंत्र घेतलं, फेब्रुवारीपर्यंत आकडा 40 च्या आसपास बसला, मग ट्यूनिंग करून घेतलं. या हिवाळ्यात पट्ट्या खुळखुळल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब, बोईसरमध्ये कुणाकडे पियानो आहे? बरोबर. पण वाद्यं आपल्याकडेही आहेत, आणि आपला प्रश्न बरोब्बर उलटा आहे.

एका बाजूला चिंचणी-तारापूरचा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये आपण. पावसाळ्यात 28 अंश तापमान आणि 90 टक्के ओलावा धरला, तर एका घनमीटर हवेत 24 ग्रॅमच्या वर पाणी. माझ्या नातीच्या खोलीच्या सात-आठ पट! त्यात समुद्राकडून येणारा खारेपणा. ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग का द्यावा लागतो, हे कमिटीला वेगळं सांगायला नको.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. वारली बांधवांचा तारपा दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचा असतो. तो घुमतो पाऊस सरून भात पिकल्यावर, कोरड्या हवेत. मिरजेचा तानपुरा, ज्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही भोपळा ओल धरली की बुरशीला बळी पडतो. तबल्याची शाई आणि कातडं पावसाळ्यात सैल पडतं, गट्टे ठोकून ठोकून हात दुखतात. कॅनडात तेच कातडं ताणून चिरतं.

आणि आपली पेटी. ती मूळची युरोपातली, 1840 च्या दशकात पॅरिसला तयार झालेली. आपल्याकडे आल्यावर ती मांडीपुढे बसून हाताने भाता मारण्याजोगी झाली, पण अंगातलं लाकूड ते लाकूडच. पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. पट्ट्यांखालच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. पितळी सुरांवर हिरवट थर येतो. भात्याच्या घड्यांत बुरशी, आणि मागून कसर नाहीतर वाळवी.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या वर्षीच्या जनरल बॉडीत बी विंगमधल्या काकूंनी काकांची पेटी सोसायटीला दिली. काका आपल्या पहिल्या गणेशोत्सवापासून आरती आणि भजनाला हीच पेटी वाजवायचे. आपल्यापैकी कुणी एमआयडीसीत नोकरीला आलेलं, कुणी अणुऊर्जा केंद्रात, कुणी रेल्वेत. कुणाचं गाव सांगली, कुणाचं जळगाव, कुणाचं बिहार. पहिली दोन वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी आपण माणसं त्या पेटीभोवती बसायला लागलो, हे इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. पेटी देताना काकूंनी एकच अट घातली: "शोभेला ठेवू नका, वाजवा." आज ती तळमजल्याच्या स्टोअरमध्ये, मंडपाच्या कापडाशेजारी, फरशीवर आहे. कुणाला दोष देत नाही, जागाच नव्हती. पण तिथे तिचे दोन पावसाळे निघणार नाहीत.

कुणी सुचवलं, हॉलसाठी डीह्युमिडिफायर घेऊ. मी पुन्हा हिशेब मांडला. आपला हॉल 20 बाय 30, उंची 10 फूट, म्हणजे 170 घनमीटर. पावसाळ्यात त्यातला ओलावा 90 वरून 55 टक्क्यांवर आणायला हवेतून दीड लिटरच्या वर पाणी काढावं लागेल. आणि दार उघडलं की ते पुन्हा आत. मेंटेनन्सचं बिल वाढेल आणि पेटीला उपयोग शून्य. त्याऐवजी तीन फूट रुंद, दोन फूट खोल, तीन फूट उंच, रबरी पट्टी लावलेल्या दाराचं एक कपाट घ्या. त्यातल्या हवेतून काढायचं पाणी किती? एक चहाचा चमचा! एक किलो सिलिका जेल त्या ओलाव्यात पाव किलोच्या आसपास पाणी शोषतं. ते काम कित्येक दिवस निभावेल.

तेव्हा कमिटीला माझ्या विनंत्या अशा. कपाट पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात, बाहेरच्या भिंतीपासून सुटं आणि जमिनीपासून सहा इंच वर ठेवावं. पेटी त्यात पहिल्या पावसाच्या आधी, मेअखेरीस जावी. एकदा लाकूड भिजलं की लाकडातलंच पाणी आत सुटत राहतं आणि सिलिका दोन दिवसांत थकते. जेल पांढरं किंवा नारिंगी घ्यावं. निळ्यात कोबाल्ट असतं, मुलांच्या घरात नको. नारिंगीचा रंग बदलला, किंवा पांढऱ्याचं वजन पाव किलोच्या आसपास वाढलं, की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून कोरडं करता येतं. आत एक हायग्रोमीटर ठेवावा आणि कपाटाला वही टांगावी. आठवड्याला आकडा आणि सही. 65 च्या वर गेला की जेल बदला. पेटी उन्हात ठेवू नये, हीटर किंवा हेअर ड्रायर तर नकोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्यातून दोन संध्याकाळी ती वाजली पाहिजे. भाता हलता राहिला की घड्यांत बुरशी बसत नाही, पट्ट्या हलत्या राहिल्या की अडकत नाहीत. दोन तास बाहेर काढल्याने लाकूड भिजत नाही, त्याला दिवस लागतात. शिकवायला सी विंगमधल्या ताई तयार आहेत. शिकायला मागच्या रांगेतल्या चार जणांनी नावं दिली आहेत, मोबाईल ठेवून येण्याच्या बोलीवर.

खर्चासाठी सिंकिंग फंडाला हात लावू नये. कपाटाचे पैसे मी देतो, जेल आणि हायग्रोमीटर सांस्कृतिक समितीच्या शिल्लक रकमेतून घ्यावेत, आणि वहीवर पहिल्या वर्षी सही करायचं काम माझ्याकडे द्यावं. बँकेत छत्तीस वर्षं तेच केलं आहे. पुढच्या वर्षी मात्र ती वही एखाद्या तरुण सभासदाने घ्यावी, कारण पेटीचं आयुष्य माझ्यापेक्षा जास्त असायला हवं.

आज काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर हा ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतंय, तेवढं सांगा, म्हणजे सेक्रेटरींना मिनिट्समध्ये नाव लिहिता येईल.