पायउतार होण्याचे शिक्षण



नोव्हेंबर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी आपल्या आगामी कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी 'नेशनस्टेट्स' हा महाजालावरील खेळ सुरू केला. प्रत्येक खेळाडूने एक काल्पनिक राष्ट्र वसवायचे आणि त्यापुढील प्रश्नांवर निर्णय घ्यायचे. राष्ट्रे वाढली, त्यांचे प्रदेश झाले. प्रदेशातील ज्या सदस्यराष्ट्राला शेजाऱ्यांचा सर्वाधिक पाठिंबा, ते प्रदेशाचे प्रतिनिधी, एवढाच खेळाचा नियम. संविधान, विधिमंडळ, न्यायालय, ठरावीक मुदतीच्या निवडणुका ही व्यवस्था अनेक प्रदेशांतील खेळाडूंनी चर्चेतून स्वतः उभारली.

कसोटी पुढेच होती. निवडणूक हरलेला प्रतिनिधी जुन्या पाठिंब्याच्या बळावर पदाला चिकटून राहिला, तर संगणक त्याला अडवत नाही. त्याच्या लेखी लिखित संविधानाला अस्तित्वच नाही. काही प्रदेशांत सत्ता अशी बळकावलीही गेली. स्वशासन टिकले ते सदस्यांनी जुन्या प्रतिनिधीचा पाठिंबा काढून नव्याला दिला आणि जुना प्रतिनिधी स्वखुशीने बाजूला झाला, म्हणून.

वर्गप्रतिनिधीची निवडणूक हरलेले मूल दुसऱ्या दिवशी विजेत्याबरोबर वर्गाची कामे करू लागते, तेव्हा ते हेच शिकत असते. त्या संध्याकाळी घरी त्याला 'का हरलास?' एवढेच विचारले गेले, तर हा धडा अपुरा राहतो. 'नव्या प्रतिनिधीला मदत केलीस का?' हा प्रश्नही घराघरांत विचारला जावा, एवढीच हीरक महोत्सवी वर्षातील विनंती.