विद्यापीठ कोणाचे?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील विद्यापीठाच्या आवारातून समोरचा डोंगर दिसतो. त्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पायथ्याशी अध्यापनाचे विभाग, ग्रंथालय व वसतिगृहे आहेत. हे आवार कोणासाठी उभे राहिले, हा प्रश्न आज पुन्हा विचारणे प्राप्त आहे.

निजामी राजवटीत मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी खेड्यातील गरिबाच्या मुलाला ते शहर आणि ती भाषा, दोन्ही दूरची. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्यानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. प्रादेशिक अस्मितेची भाषा बोलणाऱ्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही होते, हे आपण विसरता कामा नये. १९७९ साली लाँग मार्च निघाला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. ठरावाच्या अंमलबजावणीला साडेपंधरा वर्षे लागली!

परंतु नाव मिळाले म्हणजे लढा संपला काय? १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला आणि शिक्षणात पैशाचा शिरकाव वाढला. सार्वजनिक विद्यापीठांतही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. कायम प्राध्यापकांच्या जागी तासिका तत्त्वावरील व कंत्राटी नेमणुका होऊ लागल्या. ज्या मुलाच्या बापाने नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याच मुलाला शुल्क परवडत नाही म्हणून परत जावे लागले, तर त्या नावाचा आपणच अवमान केला असे होईल.

म्हणून रिक्त जागा भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहे वाढवा, या मागण्या किरकोळ समजू नका. नामांतराच्या लढ्याचाच तो उर्वरित भाग आहे. १४ जानेवारीला प्रवेशद्वारापाशी अभिवादनास आपण अवश्य जाऊ. मात्र जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांतही, तेथे आपले कार्यकर्ते उभे असले पाहिजेत.