आठ वाजता संपणारा बाजार

बचतगटांच्या मेळ्यासाठी आम्ही सातजणी कोलकात्याला गेलो होतो. डहाणू रोडवरून लोकलनं दादर, तिथून हावड्याची गाडी. मेळ्याचं पुन्हा कधी सांगू. आज सांगायचंय ते तिथल्या एका रविवारच्या सकाळचं.

लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ टिरेटा बाजार म्हणून जुनी चिनी वस्ती आहे. मेळ्यातली शेजारच्या स्टॉलवरची बाई म्हणाली, चिनी लोकांचा नाश्ता बघायचा तर पहाटे जा, आठनंतर काही उरत नाही. आम्ही हसलो. आम्हाला कोण चायनीज शिकवणार? गटाचं कर्ज काढून हायवेला चायनीजची गाडी टाकली होती ना आम्ही! कोबी, लाल सॉस, तळलेल्या नूडल्सची भेळ. शेजारी तशाच चार गाड्या. सहा महिन्यांत आमची बंद पडली. हप्ते अजून चालू आहेत.

सहा वाजता पोचलो तर रस्त्याच्या कडेला ॲल्युमिनियमची भांडी एकावर एक रचलेली, अगदी आपल्या मोदकपात्रासारखी. झाकण उघडलं की वाफेचा लोट. आत पांढरे गुबगुबीत बाव. मैद्याचं पीठ खमीर घालून फुगवायचं, त्यात डुकराच्या मांसाचा खिमा भरायचा आणि वाफवायचे. तेलाचा थेंब नाही. आमच्यातल्या दोघी माळकरी, त्या लांब उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी खाल्ले. चव गोडसर, मऊ. आमच्या गाडीवर आम्ही जे विकत होतो त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, हे तिथं उभ्याउभ्याच कळलं.

विकणारी एक म्हातारी होती, आपल्या आजीच्या वयाची. फलक नाही, ओरडणं नाही. लोक रांगेत, ती हिंदीत पैसे सांगत होती. शेजारच्या टोपलीत पानात बांधलेला चिकट भात होता. काकी तो बघून म्हणाली, "अगं, हे तर आपल्यासारखंच!" आपण काकडी किसून, तांदळाचं पीठ नि गूळ घालून पानात वाफवतो ना, तसंच बांधलेलं.

या लोकांचं मूळ फार जुनं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अच्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला, त्यानं बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावानं ते गाव आजही अचिपूर. मागून सुतार, चांभार, कातडी कमावणारे आले. १९६२ साली चीनशी युद्ध झालं आणि इथंच जन्मलेल्या कित्येक चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. सुटल्यावर कित्येकजण देश सोडून गेले. आता वस्तीत थोडेच उरलेत, विकणाऱ्यांतही इतर समाजाचे लोक दिसतात. पण संशयाच्या त्या दिवसांनंतरही ज्यांनी आपलं खाणं आपल्याच नावानं रस्त्यावर मांडलं, त्यांच्याकडे बघून आम्हाला स्वतःची लाज वाटली. आम्ही पानातली भाकर पाहुण्यांपुढेसुद्धा ठेवत नाही. "जंगलातलं खाणं" म्हणतील म्हणून.

पावणेआठला म्हातारीची भांडी रिकामी. रांगेत माणसं होती तरी तिनं आणखी केले नाहीत. आम्ही विचारलं, जास्त का नाही करत? ती म्हणाली, "जितना बनता है, उतना।" माळकरी वहिनी परतताना तेवढंच बोलत होती: उरलं नाही, म्हणजे टाकलं नाही, म्हणजे तोटा नाही. आमच्या गाडीवर रोज रात्री शिळा भात गाईला जात होता.

आता तलासरीच्या बाजारात पानातल्या भाकरी घेऊन बसायचं असं निम्म्याजणींचं म्हणणं आहे, फक्त सकाळी, एक पातेलं संपेपर्यंत. बाकीच्या म्हणतात, आधी जुनं कर्ज फेडा, मोठं मोदकपात्र नंतर. त्यांचंही चूक नाही. काकी मात्र म्हणते, पात्र कशाला, घरच्या पातेल्यावर चाळणी ठेवा, पानं मी आणते. पुढच्या बैठकीत ठरेल.