फणसाचं टेबल

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण आज मी लाकडावर बोलणार आहे, कारण एका गोष्टीचा खुलासा मला याच वर्गासमोर करायचा आहे.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. बाबांनी लावलेलं झाड. दिवाळीनंतर गिरणीवर नेऊन त्याच्या दोन इंची फळ्या पाडून घेतल्या. जानेवारीत बाबांची पंचाहत्तरी होती. तोवर या फणसाचं टेबल पुण्याच्या घरी हवं, असा माझा हट्ट. काम दिलं आपल्याच वर्गातल्या मित्राला. नाव घेऊ नकोस, असं त्याने बजावलंय. तो इथेच बसलाय.

फळीवर हात ठेवून तो म्हणाला, "अगो, लाकूड ओलं आहे. इंचाला एक वर्ष धर." मी म्हटलं, "वरून तर कोरडं लागतंय. तू कर, मी सांगते ना." त्याने मैत्रीखातर केलं.

बाबा खूश झाले. एप्रिलमध्ये एका रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहिलं, तर टेबलाला हातभर लांब तडा. घरी येणारे विचारायचे, "सुतार कोण?" मी त्याचं नाव सांगायचे. घाई माझी होती, हे मात्र कधी सांगितलं नाही. त्यामुळे त्याची पुण्यातली दोन कामं गेली, हे मला फार उशिरा कळलं.

चूक कुठे झाली, ते मी नंतर शिकले. लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी जाऊ लागतं आणि खरं आकसणं सुरू होतं. तेही सगळीकडे सारखं नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते आडव्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून फळी बाक धरते, पिळते, नाहीतर फाटते.

हा ओलावा मोजायला आपल्या प्रयोगशाळेतला तराजूही पुरतो. फळीचा तुकडा 400 ग्रॅम भरला आणि 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर 250 ग्रॅम राहिला, तर पाणी 150 ग्रॅम. ते कोरड्या वजनाशी ताडायचं, म्हणजे ओलावा 60 टक्के. या हिशोबात काही ताज्या लाकडांना शंभराहून जास्त टक्के पडतात. असे मार्क आपल्याला कोणी दिले नाहीत!

उरलेल्या फळ्या मित्राने माझ्या नकळत जपल्या होत्या. पाणी टोकांतून सर्वांत लवकर उडतं आणि तिथेच चिरा पडतात, म्हणून टोकांना रंग फासलेला. जमिनीपासून फूटभर उंच, सावलीत, वारं खेळेल अशी थप्पी. दर दोन थरांत सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्याही बरोबर एकाखाली एक, वर दगडांचं वजन. प्रत्येक फळीवर खडूने तारीख.

दोन वर्षांनी मी "आता कर" म्हटलं, तर म्हणाला, "अजून नाही. इथली हवा दमट, तुमची कोरडी. जिथे टेबल राहणार, तिथली हवा लाकडाने आधी खायला हवी." 2023 च्या जानेवारीत फळ्या पुण्याला नेल्या. हॉलमध्ये थप्पी रचली. बाबा दर रविवारी एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहायचे. एप्रिलअखेर वजन उतरायचं थांबलं, तेव्हा तो आला. टेबलाचा वरचा भाग त्याने घट्ट न आवळता लांबट भोकांत स्क्रू बसवले, कारण सुकलेलं लाकूडही ऋतूप्रमाणे थोडं हलतंच.

त्या टेबलाने नंतरचे उन्हाळे-पावसाळे पाहिले. तडा नाही. बाबा त्यावरच पेपर वाचतात.

तर मित्रा, पहिल्या टेबलाचा दोष माझा होता. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, आणि नाव तुझं खराब झालं. हे तुला फोनवर कधीच सांगता आलं असतं. पण बोलबाला चारचौघांत झाला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागते.

आणि बाकीच्यांनो, फर्निचर करायचं असेल तर याच्याकडे जा. तो थांबायला सांगेल. थांबा.