सतरा सप्टेंबर : एका तारखेची घडण

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. जालन्यापुरता हिशेब मांडला, तर ही तारीख दोन दिवस उशिराची आहे. मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानावरची भारताची कारवाई, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचे ‘पोलीस ॲक्शन’, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेपुढे औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी हत्यार खाली ठेवले. जालन्याकडे मात्र शीख आणि जोधपूर पलटणींना, सोबत रणगाडे असूनही, निजामी सैन्याने चिवट झुंज दिली. १५ तारखेला गोरखा पलटणीची एक कंपनी जालन्यात ठेवून बाकीचे सैन्य लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या बाजूला निघाले. १७ तारखेला जे घडले ते हैदराबादेत. संस्थानाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजाम मीर उस्मान अलींनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ तारखेला. म्हणजे १५, १७ आणि १८ अशा तीन तारखा समोर होत्या आणि त्यांतली एक निवडली गेली. माझे म्हणणे एवढेच की इतिहासातला ‘दिवस’ घडत नाही, तो ठरवला जातो; आणि एकदा ठरला की पुढच्या घटना आपल्याकडे ओढून घेतो.

या ओढीचा स्वच्छ दाखला ग्रीसमध्ये सापडतो. तिथला राष्ट्रीय दिवस २५ मार्च. ऑटोमन सत्तेविरुद्धचा उठाव १८२१ च्या मार्चमध्ये पेटला, पण कालामाता हे गाव २३ तारखेलाच ग्रीकांच्या ताब्यात आले होते. आया लावरा मठात बिशप जर्मानोस यांनी २५ तारखेला निशाण उभारल्याची कथा लोकप्रिय आहे. इतिहासकार तिला फारसा आधार देत नाहीत. तरी १८३८ मध्ये राजा ओटोच्या हुकुमाने २५ मार्चच ठरला, कारण त्या दिवशी देवदूताने मारियेला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचा सण असतो. देवाची वार्ता आणि देशाची वार्ता एका दिवसात बसली. पुढे १९२४ मध्ये ग्रीसने राजेशाही बाजूला सारून प्रजासत्ताक जाहीर केले तेही २५ मार्चला, मुहूर्त साधून! गंमत अशी की उठावाच्या काळी तिथे ज्युलियन पंचांग होते. आपल्या हिशेबाने १८२१ चा तो २५ मार्च म्हणजे ६ एप्रिल. ग्रीक सरकारने १९२३ मध्ये पंचांग बदलले, १५ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी १ मार्च आला. आकडा टिकला, खरा दिवस सरकला.

आपल्याकडे असे ओढले जाणे १ मे या तारखेत दिसते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणीतून परतूर घेऊन जालना जिल्हा झाला, त्याच दिवशी सिंधुदुर्गही. १८ वर्षांनी हिंगोली, पुन्हा १ मेलाच. ग्रहयोगाचा यात काही भाग नाही. सरकारी अधिसूचनेलाही मुहूर्त लागतो, एवढेच.

कोणी म्हणेल, तारीख ठरवलेली असेल तर ती खोटी. मला तसे वाटत नाही. जालन्यात सैन्य १५ तारखेला असले तरी निजामाची सत्ता कायद्याने उभी होती. पलटण पुढे गेल्यावर तीच सत्ता परत येणार नाही, याची खात्री गावाला १७ च्या घोषणेनेच मिळाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात विलीनीकरणाची हाक दिली होती, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्यांनी जीव धोक्यात घातला होता, ते एखादे गाव सोडवण्यासाठी नव्हे, संस्थानाची राजवट संपावी म्हणून. मग राजवट संपली त्या घटनेची तारीख घेणे रास्तच. तिथीने दिवस पाळायचा म्हटले असते, तर त्या शुक्रवारी अनंत चतुर्दशी होती. मुक्तिदिन दरवर्षी गणपती विसर्जनाच्या गर्दीत सापडला असता.

दुसरा आक्षेप जड आहे. सगळ्यांच्या आठवणी एका तारखेत बसतात का? नाही बसत. हीच १७ सप्टेंबर केंद्र सरकारने २०२२ पासून ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून पाळली, तेलंगणात त्याच वर्षी ती ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ झाली, २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर ‘प्रजा पालन दिन’. कर्नाटकात तिला ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणतात. नावांच्या या भांडणामागे एक गोष्ट झाकली जाते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांनंतर, सैन्य आल्यावर, अनेक ठिकाणी मुसलमानांची कत्तल झाली. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असा अंदाजला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. तो अहवाल अनेक दशके बाहेर आला नाही. मुक्तीचा दिवस आणि घर गमावल्याचा दिवस एकाच आठवड्यात येतो, हे सांगितल्याने निजामी राजवट चांगली ठरत नाही. रझाकारी विसरली जात नाही. उलट, तारीख जर आपणच ठरवली असेल, तर तिच्यात काय सांगायचे हेही आपल्याच हाती आहे, ही जबाबदारी टाळता येत नाही. झेंडावंदनाच्या भाषणात १३ ते १८ सप्टेंबर हा सगळा आठवडा सांगता येईल: औरंगाबादची शरणागती, जालन्याची झुंज, हैदराबादचा रेडिओ आणि सुंदरलाल समितीचा आकडाही.